आधी मेण, मग शस्त्र



वसंतातल्या या व्याख्यानांत चेहऱ्यावरच्या शस्त्रक्रियेचा विषय घेऊन आम्ही उभे राहिलो, याचे काहींना नवल वाटले असेल. वेल्ह्यात, तोरण्याच्या पायथ्याशी बोलावयाचे तर गडाविषयी बोलावे, इतिहासाविषयी बोलावे. नाकाडोळ्यांची उठाठेव कशाला, असे एका स्नेह्यांनी कालच आम्हांला विचारले. आम्ही त्यांना एवढेच म्हटले, की आजच्या विषयात नाकही आहे आणि इतिहासही आहे. दोन्ही आपल्या पुण्याजवळचीच आहेत.

आपल्या भाषेने सगळी अब्रू नाकावर आणून ठेवली आहे. घराण्याचे नाक कापले जाते, शत्रूच्या नाकावर टिच्चून काम करावे लागते, शरण जाणारा नाक मुठीत धरून जातो. मुलगी पाहावयास गेलेली मंडळी परत येताना पहिला शेरा मारतात तो 'नाकीडोळी नीटस' आहे की नाही याचाच. ज्या अवयवावर भाषेने आणि समाजाने एवढे ओझे लादले, त्याला शस्त्र लावण्यापूर्वी माणसाने किती विचार करावयास हवा! पण आमचा अनुभव असा, की बैलजोडी घेताना आपण जितके प्रश्न विचारतो, तितकेही स्वतःच्या चेहऱ्याचे काम करावयास जाताना विचारीत नाही.

आम्ही साधे डॉक्टर आहोत. शस्त्रक्रिया आम्ही करीत नाही. ताप, खोकला, विंचू, बाळंतपण हे आमचे काम. त्यापलीकडचे काही आले की चिठ्ठी लिहावयाची आणि पुण्याला पाठवावयाचे. तेव्हा आज आम्ही शस्त्रक्रियेविषयी बोलणार नाही. शस्त्रक्रियेच्या आधी जी पहिली भेट होते, डॉक्टरांच्या समोरच्या खुर्चीत बसून जी पंधरा-वीस मिनिटे आपण घालवितो, त्या भेटीला तयार होऊन कसे जावे, एवढेच सांगणार आहोत.

प्रथम इतिहास. ही शस्त्रक्रिया विलायतेहून आली, अशी पुष्कळांची समजूत असते. खरी हकिगत उलटी आहे. १७९४ च्या ऑक्टोबरात लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझीन' या मासिकात एक पत्र आणि एक चित्र छापून आले. टिपूबरोबरच्या युद्धात कावसजी नावाचा एक गाडीवान इंग्रजी फौजेचे बैल हाकीत होता. पत्रात त्याला शेतकरी जातीचा मराठा म्हटले आहे. तो टिपूच्या हाती सापडला आणि त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. वर्षभराहून अधिक काळ तो नाकावाचून राहिला. मग पुण्याजवळच्या एका विटा करणाऱ्या जातीच्या माणसाने त्याला नवे नाक बसवून दिले. टॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले या मुंबई इलाख्याच्या दोन इंग्रज डॉक्टरांनी ही शस्त्रक्रिया होताना पाहिली होती, असे पत्रात म्हटले आहे. मासिकाने कारागिराची जात छापली, नाव छापले नाही. पाहणाऱ्यांची नावे राहिली आणि करणाऱ्याचे गेले!

आता त्याची कृती ऐका. त्याने पहिल्याने सुरी हाती घेतली नाही. मेणाचा एक पातळ पत्रा घेतला आणि तो नाकाच्या उरलेल्या खुंटावर बसवून चांगले दिसेल असे नाक घडविले. मग तो पत्रा सपाट करून कपाळावर ठेवला आणि त्याच्या कडेने रेघ ओढली. त्या रेघेच्या आतली कातडी कपाळावरून सोडविली. मात्र दोन डोळ्यांच्या मध्ये एक अरुंद पट्टी तशीच जोडलेली ठेवली. त्या पट्टीतून रक्त वाहत राहते म्हणून कातडी जिवंत राहते. मग ती कातडी पिळून खाली आणली आणि नाकाच्या जागी खाचेत बसविली. वरून काताचा लेप लावलेल्या कापडाच्या पाच-सहा पट्ट्या. चार दिवसांनी त्या काढून तुपात भिजविलेली कापडे. दहाव्या दिवशी नाकपुड्या उघड्या राहाव्यात म्हणून मऊ कापडाचे बोळे. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास ती मधली पट्टी कापून टाकली, की नाक तयार.

हे वाचून लंडनच्या जोसेफ कार्प्यू या शस्त्रवैद्यांनी १८१४ साली तशी शस्त्रक्रिया केली आणि १८१६ साली तिच्यावर पुस्तक लिहिले. १८१८ साली जर्मनीच्या ग्रेफे यांनी आपल्या ग्रंथाच्या नावात 'प्लास्टिक' हा शब्द घातला. येथे एक गैरसमज दूर करतो. प्लास्टिक सर्जरी म्हणजे चेहऱ्यात बादलीचे प्लास्टिक बसविणे नव्हे. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ घडविणे, आकार देणे असा आहे. कुंभार मातीला देतो तसा. सुश्रुतसंहितेतही ही कृती आहे. तेथे मेणाच्या जागी झाडाचे पान आहे आणि कातडी कपाळाऐवजी गालाची आहे. पण आधी माप घ्यावयाचे आणि मग शस्त्र लावावयाचे, हा क्रम तोच.

या सगळ्या कथेतून आम्हांला घ्यावयाचे आहे ते हे मेण. मेण चुकले तर पुन्हा मळता येते. उंच झाले तर दाबता येते, रुंद झाले तर चिमटीत धरता येते. कपाळाची कातडी एकदा सुटली, की ती मळता येत नाही. आजच्या काळात डॉक्टरांची पहिली भेट म्हणजे हे मेण आहे. त्या भेटीत जे बोलाल ते बदलता येते, नाही म्हणता येते, उठून घरी येता येते. म्हणून ज्याला काही विचारावयाचे असेल त्याने ते मेणाच्या वेळी विचारावे.

हे शहाणपण आम्हांला कसे आले, ते सांगणे आमच्या लौकिकाला शोभणारे नाही, तरी सांगतो. काही वर्षांपूर्वी डोंगरापलीकडच्या एका वाडीतली एकोणीस-वीस वर्षांची मुलगी आईबरोबर आमच्याकडे आली. लहानपणी ती पायरीवर पडली होती आणि नाकाचे हाड डावीकडे कलले होते. आई म्हणाली, "डॉक्टर, दोन ठिकाणांहून नकार आला. आता हिचं नाक सरळ करून घ्यायचं." आम्ही मान डोलावली आणि चिठ्ठी लिहिली: जुन्या मारामुळे नाक वाकडे, सरळ करण्यासाठी पाठवीत आहे. मुलगी खाली पाहत बसली होती. तिला आम्ही एक प्रश्नही विचारला नाही. पुण्याला आई बोलली, बरोबर गेलेला मामा बोलला. शस्त्रक्रिया नीट झाली. नाक सरळ झाले.

वर्षाने ती खोकल्याचे औषध न्यावयास एकटीच आली. आम्ही कौतुकाने नाकाकडे पाहिले. ती म्हणाली, "काका, नाक सरळ झालं. पण उजव्या बाजूनं वारा अजून येत नाही. रात्री तोंड उघडं टाकूनच झोपते. मला पुण्याला तेवढंच विचारायचं होतं."

"मग विचारलं का नाहीस, बाळ?"

"मला कोणी बोलूच दिलं नाही."

नाकाचा आतला पडदाही वाकडा होता. बाहेरचे हाड आणि आतला पडदा ही दोन्ही कामे बहुधा एकाच वेळी करता येतात. पुढे तिला पडद्यासाठी दुसरी शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली. म्हणजे दोनदा भूल, दोनदा खर्च, दोनदा कामाचा खाडा. आणि एकदा शस्त्र लागलेल्या नाकावर दुसऱ्यांदा काम करणे पहिल्यापेक्षा अवघड असते. पुण्याच्या डॉक्टरांना आम्ही दोष देत नाही. आमच्या चिठ्ठीत जे होते त्याचेच त्यांनी काम केले. चिठ्ठी अपुरी होती आणि ती आमच्या हातची होती.

तेव्हा तयारीची पहिली गोष्ट. ज्याचा चेहरा, त्याने बोलावे. जाण्यापूर्वी घरी बसून एका कागदावर एक वाक्य लिहावे: मला काय खुपते, आणि काय बदलावे असे वाटते. 'मला सुंदर व्हावयाचे आहे' हे वाक्य उपयोगाचे नाही. त्याचे माप घेता येत नाही. 'नाकाचा मधला उंचवटा खुपतो', 'उजव्या बाजूने श्वास येत नाही', 'भाजल्याच्या व्रणामुळे ओठ ओढला जातो', असे लिहावे. त्याच्या खाली दुसरे वाक्य लिहावे: हे मी कोणासाठी करीत आहे? उत्तरात स्वतःचे नाव नसेल, सासरच्या मंडळींचे किंवा मैत्रिणींचे असेल, तर तो कागद महिनाभर घडी करून ठेवावा. घरच्या माणसांना बरोबर जरूर न्यावे. पण त्यांनी पहिली पाच मिनिटे तोंड मिटून बसावे. हे आम्ही आयांना सांगतो, मामांना तर हात जोडून सांगतो.

दुसरी गोष्ट, लपवू नये. कोणती औषधे चालू आहेत ते सगळे लिहून न्यावे, गोळ्यांची पाकिटेच न्यावीत. अ‍ॅस्पिरिनसारख्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, काढे, चूर्णे, सगळे. त्यांतल्या काहींनी शस्त्रक्रियेत रक्त अधिक वाहते. मात्र त्या स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. ज्या डॉक्टरांनी दिल्या त्यांना विचारूनच बंद कराव्यात, कारण एखाद्या गोळीवर हृदय चाललेले असते. मधुमेह, रक्तदाब, दमा, पूर्वी भूल दिली असता झालेला त्रास, औषधाची अ‍ॅलर्जी, हे सांगावे. कान टोचल्यावर किंवा जखम भरल्यावर तेथे गाठीसारखा जाड व्रण वाढला असेल तर तो दाखवावा. अशा कातडीवर नवा व्रणही तसाच वाढण्याचा धोका असतो.

आणि तंबाखू! विडी-सिगारेट ओढणारे हे कबूल करतात. तंबाखू मळणारे निम्मे कबूल करतात. मिश्री लावणाऱ्या आमच्या भगिनी मात्र तिला तंबाखू समजतच नाहीत. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच. तंबाखूतल्या निकोटीनने कातडीच्या बारीक रक्तवाहिन्या आवळतात. कावसजीच्या दोन डोळ्यांमधली ती अरुंद पट्टी आठवा. तिच्यातून रक्त वाहत होते म्हणून नाक जगले. आजही चेहऱ्याची सोडविलेली कातडी अशाच रक्तावर जगते. ते रक्त आवळले तर जखम भरत नाही, कातडी काळी पडून मरतेसुद्धा. म्हणून शस्त्रक्रियेच्या आधी निदान चार आठवडे आणि नंतरही तितकेच दिवस तंबाखू, विडी, मिश्री पूर्ण बंद ठेवावयास सांगतात. हे जमणार नसेल तर तसे स्पष्ट सांगावे. डॉक्टर रागावतील, पण कातडी वाचेल.

तिसरी गोष्ट, समोर बसलेला कोण आहे हे पाहावे. सुश्रुताने शिष्यांना कोहळा, भोपळा, काकडी यांवर कापण्याचा सराव करावयास सांगितले आहे. माणसावर शिकू नये हा त्यातला हेतू. आज त्या सरावाच्या पदव्या आहेत. एम.बी.बी.एस. नंतर शस्त्रक्रियेची एम.एस. आणि तिच्यावर प्लास्टिक सर्जरीची एम.सीएच. किंवा तिच्या बरोबरीची पदवी, हा नेहमीचा मार्ग आहे. नाकाची काही कामे कान-नाक-घशाचे सर्जन करतात, जबड्याची कामे जबड्याचे सर्जन करतात, आणि तेही रीतसर शिकलेले असतात. परंतु रूप खुलविण्याची पाटी लावलेला प्रत्येक जण सर्जन असतोच असे नाही. डॉक्टरांची नोंद महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे असते. ती विचारण्यात अपमान नाही. शस्त्रक्रिया तुम्ही स्वतः करणार का? अशा किती केल्या? भूल कोण देणार? बिघडले तर काय बिघडू शकते, आणि मग काय कराल? हे प्रश्न कागदावर लिहून न्यावेत. चांगला डॉक्टर अशा प्रश्नांनी रागावत नाही. जो रागावेल, त्याच्याकडे मेणाच्या वेळीच राग दिसला हे बरे झाले, असे समजून उठावे आणि दुसऱ्याचे मत घ्यावे.

हल्ली संगणकावर आपलाच फोटो बदलून नवे नाक दाखवितात. ते पाहावे, पण ओळखून पाहावे. ते मेणाचे नाक आहे, वचन नव्हे. कातडी जाड की पातळ, हाड कसे, जखम कशी भरते, हे संगणकाला ठाऊक नसते. तसेच हातातल्या फोनचे. २०१८ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी गणिताने दाखवून दिले, की बारा इंचांवरून काढलेल्या फोटोत नाक पाच फुटांवरून काढलेल्यापेक्षा सुमारे तीस टक्के रुंद दिसते. म्हणजे हात लांब करून स्वतःचा फोटो काढावयाचा आणि त्यातल्या नाकाला भिऊन पुण्याची बस धरावयाची, यात नाकाचा काही अपराध नाही.

चौथी गोष्ट, दिवसांचा आणि पैशांचा हिशेब. नाकाच्या शस्त्रक्रियेनंतर साधारण आठवडाभर वर पट्टी असते. पुढचे काही आठवडे वाकून काम नाही, ओझे नाही, नाकाला धक्का लागेल असे काही नाही. तेव्हा लावणीच्या तोंडावर तारीख घेऊ नये. कमरेत वाकून रोपे लावावयाची आणि नाकही जपावयाचे, हे होणे नाही. सूज हळूहळू उतरते. नाकाचा शेवटचा आकार दिसावयास वर्ष लागू शकते. ताज्या व्रणाला ऊन सोसत नाही, म्हणून पदर, टोपी, सावली यांची सवय करावी. वेल्ह्याहून पुण्याला किती फेऱ्या लागतील, टाके काढावयास कोण नेईल, हे आधी ठरवावे. खर्च विचारताना एकच आकडा विचारू नये; डॉक्टरांचे, भुलेचे, रुग्णालयाचे, औषधांचे किती, आणि पुन्हा काम करावे लागले तर किती, असे वेगवेगळे लिहून घ्यावे. केवळ रूपासाठी केलेल्या शस्त्रक्रियेचा खर्च विम्याच्या पॉलिसीतून सहसा मिळत नाही. अपघात, भाजणे, कर्करोग यांनंतरच्या कामाची गोष्ट निराळी. संमतिपत्रावर मराठीत समजल्यावाचून सही करू नये.

काही जणांच्या बाबतीत डॉक्टर नाही म्हणतात. वय कमी असते, नाकाची वाढ पुरी झालेली नसते. मुलींची साधारण पंधरा-सोळाव्या वर्षी आणि मुलांची त्यानंतर एक-दोन वर्षांनी होते. काहींना चेहऱ्यात लोकांना न दिसणारा दोष दिवसभर दिसतो, आरसा सोडवत नाही, घराबाहेर पडवत नाही. हा खराच आजार आहे आणि त्याला उपचार आहेत; पण ते मनाच्या डॉक्टरांकडे. शस्त्राने त्यांचे दुःख सहसा कमी होत नाही. एका जागेवरून उठून दुसऱ्या जागी बसते. अशा वेळी नाही म्हणणारा डॉक्टर आपला हितचिंतक होय.

याच्या उलट, ज्यांनी जावयासच हवे ते घरी बसतात. दुभंगलेल्या ओठाचे मूल जन्मले की 'आईने ग्रहणात विळी धरली' असे म्हणून घरातली माणसे त्या आईलाच दोष देतात. ग्रहणाचा आणि ओठाचा काडीचाही संबंध नाही. ओठाचे काम मूल साधारण तीन महिन्यांचे झाल्यावर आणि टाळूचे बोलणे रुजण्याच्या सुमारास, नऊ ते अठरा महिन्यांच्या दरम्यान करतात. उशीर झाला तर ओठ जोडता येतो, पण बोबडेपण मागे राहण्याचा धोका असतो. अशा मुलांसाठी, लोंबत्या पापण्यांसाठी, चेहऱ्यावरच्या व्रणांसाठी डॉ. शरदकुमार दीक्षित अमेरिकेहून येऊन वर्षानुवर्षे विनामूल्य शिबिरे भरवीत. कर्करोगाने स्वरयंत्र गेले होते, चाकाच्या खुर्चीत बसावे लागे, तरी ते येत. २००१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०११ साली ते गेले. ज्यांना समाजाने तोंड लपवावयास लावले त्यांना तोंड वर करून चालता यावे, हे या विद्येचे मूळ काम आहे. कावसजीपासून ते तसेच चालत आले आहे. म्हणून रूपासाठी जाणाऱ्याला आम्ही हसत नाही आणि व्यंगासाठी जाणाऱ्याची कीव करीत नाही. दोघांनाही एकच सांगतो: तयार होऊन जा.

त्या मुलीच्या प्रसंगानंतर आम्ही आमची चिठ्ठी बदलली. आता चिठ्ठीच्या माथ्यावर आमचे निदान येत नाही. तेथे रोग्याच्या तोंडचे एक वाक्य येते, त्याच्याच शब्दांत, आणि त्याला वाचून दाखविलेले. आईबाप असतील तर त्यांना आम्ही क्षणभर बाहेरच्या बाकावर बसवितो. कित्येकदा ते वाक्य ऐकून आमचे निदानच बदलते. एक-दोघे तर ते वाक्य लिहिता लिहिता थांबले, कागदाकडे पाहत बसले आणि म्हणाले, "राहू द्या डॉक्टर, मला काही करून घ्यायचं नाही." त्यांची चिठ्ठी आम्ही फाडली. त्यांचीही तयारी पुरी झाली होती, असेच आम्ही मानतो.